फळीवरचे गिलास

पूर्णा,
११ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप उद्धवमामा,

पत्र बघून घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही. परवा फोनवर मी वीस मिनिटं ओरडले आणि तुम्ही वीस मिनिटं "आँ? पाऊस? हाव, लय पडला" एवढंच म्हणत राहिलात. पावसाचं मी विचारलंच नव्हतं. शेवटी शेजारच्या बाई भिंतीवर थापा मारायला लागल्या. तेव्हा ठरवलं, कानाला नाही तर डोळ्यांना सांगू. तुम्ही अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता, असं विमलामामी सांगते.

तर ऐका, म्हणजे वाचा. आजीला जाऊन आता सात महिने होत आले. यंदा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून, नेहमीसारखं चार दिवस, तळ्यावरचं शिबिर भरवायचं. मी जुन्या पोरापोरींना कळवलंसुद्धा. पोरं कसली म्हणा, सगळ्यांची पोटं सुटलीत. आपापली लेकरं घेऊन येतो म्हणतात. सदतीस जणांचा होकार आला. तुम्हाला न विचारता कळवलं ही माझी आगाऊगिरी. आधी विचारलं असतं तर तुम्ही "आँ?" म्हणाला असतात.

मी तिकीट खिडकीवर बसणारी बाई, दिवाळीत रजा मिळता मिळत नाही. दोनच दिवस मंजूर झालेत. तुम्ही झोपड्या उभ्या करा आणि लोखंडी पेटीतले आजीचे पितळी ग्लास काढून चिंचेनं घासून ठेवा. फोनवर प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच आहे, "माझा ग्लास आहे ना?"

आमच्या ऑफिसातल्या भक्तीला हे सगळं सांगितलं तर तिला खरंच वाटेना. मी म्हटलं, अगं, आमच्या आजीनं जिंतूरच्या भांड्याच्या दुकानातून मोडीत आलेले जुने ग्लास उचलून आणले होते. प्रत्येकावर कुणा अनोळखी माणसाचं नाव घातलेलं. शिबिराला आलेल्या लेकराच्या हाती जो ग्लास येईल, चार दिवस तेच त्याचं नाव. आडनाव सांगायचं नाही, दुसऱ्याचं विचारायचं नाही. पाण्याकडे जाताना आपला ग्लास फळीवर सुलटा ठेवून जायचं, परत आलं की पालथा करायचा. फळीवर एक जरी ग्लास सुलटा असला तरी पंगत बसायची नाही. तीस वर्षं येलदरीच्या पाण्याकाठी एवढी लेकरं पोहली, एकाच्या नखाला धक्का लागला नाही. भक्ती म्हणाली, मीपण येते. म्हणजे अडतीस.

मामीला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं कसं आहे ते लिहा.

तुमची,
सूर्यभान


तळ्यावरून,
२४ ऑगस्ट २०२४

चि. श्रद्धास आशीर्वाद.

तुझं पत्र चंद्रभान पोस्टमननं आणून दिलं. तो मनला, मामा, कोर्टाची नोटीस हाय का काय? मी मनलो, त्याच्याहून जबर हाय, भाचीचं हाय. तुझ्या मामीला वाचून दाखवलं. तिचा गुडघा सुजलाय, तेल लावायलीय.

शिबिराचं मनशील तर यंदा नको. मायला जाऊन वरीस झालं न्हाई अजून. वरीस होईस्तोवर घरात सण न्हाई, गोडधोड न्हाई, हे तुला ठाऊक हाय. लोक मनतील, ह्याची माय जाऊन वरीस झालं न्हाई अन् ह्यानं तळ्यावर जत्रा भरवली. झोपड्या बी राहिल्या न्हाईत. तुराट्या कुजून खाली बसल्या. नाव गळायलीय. अन् आता मला ऐकू येत न्हाई, पाण्यात लेकरू ओरडलं तर मला काय कळणार? तूच सांग.

पुढच्या साली बघू. त्या समद्यांना तसं कळवून टाक, उगा आशेवर ठेवू नको.

गाय व्याली. तांबडी कालवड हाय, लय चपळ.

उद्धवमामा


पूर्णा,
२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप मामा,

कालवडीचं अभिनंदन. बाकी पत्रानं मात्र मला रडवलं, आणि मग राग आला.

शिबिर म्हणजे सण का? आजोबा दसऱ्याला गेले. त्या वर्षीही भाऊबीजेनंतर आजीनं शिबिर भरवलं होतं. मी लहान होते तरी मला आठवतं. गावातली चार माणसं समजवायला आली, तर ती म्हणाली, "लेकरायला जेवू घालायला सुतक कशाचं आलंय? बसा, तुमी बी जेवा." ते बसले आणि जेवले. तुम्हीच वाढत होतात.

झोपड्यांना तुराट्या लागतील, तर बुद्धभूषण ट्रॉली भरून घेऊन येतो म्हणालाय. आठवतो ना? आता राणीसावरगावला शाळेत मास्तर आहे. नाव डांबरानं बुजवता येते. कानाचं म्हणाल तर फळी आहेच की. फळी बघायला कान कशाला लागतात?

बुद्धभूषणशी तासभर बोलत होते. त्याच्या वाट्याला कुठला ग्लास आला होता ठाऊक आहे? "किशनराव." नेमकं आजोबांचं नाव! आजी नवऱ्याचं नाव तोंडानं घेणार कशी? नऊ वर्षांच्या त्या पोराला ती चार दिवस "अहो, उद्धवचे वडील, जेवायला या" अशी हाक मारायची. आम्ही हसून हसून लोळायचो. काल तो म्हणाला, "ताई, आमच्या गावात तवा आमच्या आळीतल्या पोराला कोणी अरे बी नीट म्हणत नव्हतं. तिथं मला तुमच्या आजी, कडूबाई, अहो म्हणायच्या, अन् पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची." त्याला तो ग्लास त्याच्या मुलीच्या हातात द्यायचाय. मामा, हा माणूस पंचवीस वर्षं त्या ग्लासाची आठवण काढतोय. त्याला मी कुठल्या तोंडानं नको म्हणू?

माझं स्वतःचं तर सांगायलाच नको. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची. लोक "बिचारी श्रद्धा" म्हणायचे. तळ्यावर मात्र मी सूर्यभान. सूर्यभान काही बिचारा नव्हता, तो झाडावरून पाण्यात उड्या मारायचा. तेव्हापासून तुम्ही मला सूर्यभानच म्हणत आलात. लग्नाची पत्रिकासुद्धा तुम्ही "सूर्यभानचं लग्न" असं लिहून वाटलीत. मग आता श्रद्धा कधीपासून झाले?

आणि ग्लासांबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलं नाही.

सूर्यभान


तळ्यावरून,
१९ सप्टेंबर २०२४

चि. श्रद्धास आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. सोयाबीनमंदी पाणी थांबलं व्हतं, चर काढायच्या मागं व्हतो.

गिलास पेटीत हायेत. पेटीची किल्ली सापडंना. कुलूप बी गंजलंय. बघतो.

परवा योगीराज म्हणून एक जण जीप घेऊन आला व्हता. पाण्याकाठची जागा फिरून बघितली. हाटील काढायचं मनतोय, पोरांसाठी घसरगुंड्या, काय काय. चहा पाजला अन् वाटेला लावला.

मामीचा गुडघा बरा हाय. तू तब्येत सांभाळ, खिडकीवर बसून बसून कंबर धरती, मधीमधी उठत जा.

उद्धवमामा


पूर्णा,
२६ सप्टेंबर २०२४

मामा,

चहा पाजून वाटेला लावलात, की चहा पाजून सौदा केलात?

आता मला सगळं कळलं. आधी वर्ष झालं नाही, मग झोपड्या पडल्या, मग नाव गळते, मग कान, आणि आता किल्ली! आजीनं आयुष्यात त्या पेटीला कुलूप लावलेलं मी बघितलं नाही. ती म्हणायची, "ग्लास कोण चोरंल? नेलाच तर त्याचं नाव बदलंल, दुसरं काय?" तुम्हाला शिबिर नको आहे, कारण तुम्हाला ती जागा त्या योगीराजला द्यायची आहे. सरळ लिहायचं होतंत. मी काही तुमची जागा मागितलेली नाही. ती तुमची आहे, मला मान्य आहे. पण आठ महिन्यांत आजीची चूल विझवून तिथं घसरगुंडी बसवायची, आणि माझ्याशी खोटं बोलायचं, हे मला तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं.

दसऱ्याला मी येते. हातोडा घेऊन येते आणि कुलूप तोडते. निदान ग्लास तरी मला द्या.

श्रद्धा


तळ्यावरून,
३ ऑक्टोबर २०२४

पोरी,

हातोडा आणू नको. पेटीला कुलूप न्हाई. पेटीत काहीच न्हाई.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं न्हाई. जागा मी कुणाला देणार न्हाई, मायची आण. त्या योगीराजवर कुत्रं सोडलं असतं, पण कुत्रं म्हातारं झालंय, ते त्याच्या मांडीवर जाऊन बसलं. पण खोटं बोललो हे खरं हाय. आता सांगतो, मग तुला काय बोलायचं ते बोल.

माय गेली तवा तिसऱ्या दिवशी गावातल्या घरी समदे बसले व्हते. तेराव्याला काय वाटायचं असा विषय निघाला. आपल्याकडं भांडं वाटायची रीत, कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ असं नाव घालून. मी तवाच विचार करायलो व्हतो की मायचं नाव जगात कुठंच न्हाई. शेतावर बापाचं नाव, घरावर माझं. तळ्यावर पाटी लावू मनलं तर लावू देत नव्हती. साऱ्या जिंदगीत तिनं त्या चाळीस अनोळखी लोकांची नावं घासून घासून चकचकीत ठेवली, अन् स्वतःचं नाव एका वाटीवर न्हाई. मला ते लय लागलं. मनलं, तेराव्याला जो येईल त्याच्या घरात माझ्या मायचं नाव गेलं पायजे.

दुकानात गेलो. नव्या स्टीलच्या गिलासावर "कै. कडूबाई" असं नाव घालून द्या मनलं. दुकानदार मनला, मोड असंल तर आणा. तशी रीतच हाय, नवं घेताना जुनं मोडीत द्यायचं. अन् माझ्या डोक्यात काय शिरलं देव जाणे, मला वाटलं बरोबर हाय, तिचेच गिलास मोडून तिच्या नावाचे करू. दुसऱ्यांची नावं गेली अन् तिचं आलं. मला ते लय चांगलं वाटलं, पोरी. खरं सांगतो, पोत्यात भरताना मी खूश व्हतो. तुझा सूर्यभान हातात आला. बुडाला पोचा व्हता, तू दगडावर आपटला व्हता तो. तो बी भरला.

तेरावा झाला, लोक गिलास घेऊन गेले. चौदाव्या दिवशी तळ्यावर आलो. मामीनं चूल पेटवली. मी सवयीनं फळीकडं बघितलं. फळी तर वरीसभर रिकामीच असती, पण आता पेटी बी रिकामी. तवा मला कळलं मी काय करून बसलो. माय जळताना जेवढा रडलो न्हाई तेवढा त्या फळीपाशी रडलो. तसाच उठून जिंतूरला गेलो. दुकानदार मनला, मामा, मोडीचा माल गेला कवाचाच, आता भट्टीत बी पडला असंल.

महिनाभर तुझ्या मामीला बी सांगितलं न्हाई. तुझं पहिलं पत्र आलं, "माझा ग्लास आहे ना" असं लिहिलेलं, तवा मी बांधावर जाऊन बसलो. तुला सूर्यभान लिहायला हातच होईना. ज्याला आपण मोडीत घातला त्याच्या नावानं हाक कशी मारायची?

मायचा सोताचा गिलास, तो "राजनंदिनी", तेवढा पेटीत नव्हता. दवाखान्यात नेला व्हता, तिथंच कुठंतरी हरवला असंल. तो बी गेला.

आता त्या अडतीस माणसांना काय सांगायचं ते तू सांग. मी आलो तर मान वर करता येणार न्हाई. म्हणून नको मनत व्हतो.

उद्धव


पूर्णा,
१८ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप मामा,

दसऱ्याला आले नाही. पंधरा दिवस पत्रही लिहिलं नाही. मुद्दामच. तुमच्यावर इतकी चिडले होते की खिडकीवर एका म्हाताऱ्या माणसाला उगाच बोलले, नंतर त्याची माफी मागितली. अजून चिडलेलीच आहे. निदान मोड घालायच्या आधी मला एक फोन करायचा होतात. तुम्हाला ऐकू आलं नसतं, पण मी किंचाळले असते ते ऐकू आलं असतं.

पण मलाही एक कबूल करायचंय. दवाखान्यातून आजीची पिशवी मी घेऊन आले होते. जानेवारीपासून ती कपाटाच्या वर तशीच आहे, मला उघडवत नव्हती. मामीनं दोनदा विचारलं, "तिचा ग्लास कुठं गेला गं?" मी दोन्ही वेळा "माहीत नाही" म्हणाले. मला तो कुणाला द्यायचा नव्हता. तुमचं पत्र वाचलं आणि पिशवी खाली काढली. लुगडं, चष्मा, तंबाखूची डबी, आणि लुगड्यात गुंडाळलेला "राजनंदिनी". मामा, तो आहे. तो गेला नाही. तेव्हा लपवाछपवी एकट्या तुम्हीच केली असं नाही.

मग बुद्धभूषणला फोन केला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, तो फोन ठेवून देईल.  त्यानं आधी विचारलं, "किशनराव बी गेला?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, "ताई, तेराव्याचा तो स्टीलचा ग्लास आमच्या घरी आहे. माझी पोरगी त्याच्यातच दूध पिते. रोज विचारते, बाबा, कडूबाई कोण? मी सांगतो, तर म्हणते मलाच कडूबाई म्हणा." आणि हसायला लागला. मीपण हसले. पाच मिनिटं आम्ही दोघं फोनवर नुसते हसत होतो, डोळ्यांत पाणी.

तर असं ठरलं. तेराव्याला आलेल्यांत शिबिराची जुनी माणसं बरीच होती. प्रत्येकानं आपल्या घरातला तो ग्लास घेऊन यायचं. ज्याच्याकडे नाही त्याला शेजारीपाजारी गावात कुणाकडे तरी मिळेल, तुम्ही अख्ख्या तालुक्यात वाटलेत. चार दिवस सगळे कडूबाई.

आजी असती तर चिडली असती. तिला ते नाव मुळीच आवडायचं नाही. आधीची दोन लेकरं राहिली नाहीत, तिसरीला कुणाची नजर लागू नये म्हणून आईबापानं कडू असं नाव ठेवलं. म्हणून तर तिनं पहिल्याच वर्षी पोत्यातून "राजनंदिनी" शोधून स्वतःसाठी बाजूला काढला. मला एकदा म्हणाली होती, "आपल्याला काय, चार दिवस तरी." पण आता चिडायला ती नाही. आणि चाळीस लेकरांनी मिरवलं की नावातला कडूपणा काय उरणार आहे?

झोपड्यांना लागा. बुद्धभूषण तुराट्या घेऊन दोन दिवस आधी येतोय.

तुमची (पेला नसला तरी)
सूर्यभान


तळ्यावरून,
२५ ऑक्टोबर २०२४

पोरी,

तुझं पत्र मामीनं देवापाशी ठेवलंय. राजनंदिनी हाय हे वाचल्यावर तिनं मला एक शिवी दिली अन् तुला दोन. मग चहा केला.

पण मला दोन गोष्टी खटकायल्यात. एक, मयत माणसाच्या नावानं दिलेलं भांडं परत मागत नसतात. लोक नावं ठेवतील. दुसरं, समद्याच कडूबाई, तर एक गिलास सुलटा दिसला तर पाण्यावर कोण राहिलं ते कळावं कसं? माय एक नजर टाकायची अन् मनायची, "सूर्यभान राहिला, जा रे, आणा त्याला." आता काय मनायचं?

चार झोपड्या उभ्या राहिल्या. नावेला डांबर लावलं. पोहायला वाळलेले भोपळे गावातून जमा केलेत, वीसेक झाले. कालवडीला बांधून ठेवायला लागंल, ती समद्यांच्या मागं पळती.

उद्धवमामा


पूर्णा,
२९ ऑक्टोबर २०२४

मामा,

घाईत लिहिते, खिडकीवर दिवाळीची गर्दी आहे.

परत मागत नाही आहोत. ग्लासांना चार दिवस माहेरी बोलावतोय. ज्याचा त्यानं परत घेऊन जायचा.

आणि दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. एक ग्लास सुलटा दिसला तर सगळ्यांनी उठायचं आणि शोधायला जायचं. कोण राहिलं ते तिथं गेल्यावर कळेल.

राजनंदिनी तुम्ही. वाद नको. मिशी असली तरी चालेल.

सूर्यभान


तळ्यावरून,
९ नोव्हेंबर २०२४

चि. सूर्यभान,

तू पाच तारखेला संध्याकाळच्या बसनं गेलीस. पहिले दोन दिवस तू डोळ्यानं बघितलेस, ते पुन्हा लिहीत न्हाई. फक्त एक लिहितो. पहिल्या दिवशी पंगतीला तू मनलीस, मामा, हाक मारा. मी जन्मात मायचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. कोण घेतंय मायचं नाव? जीभच वळंना. मग डोळे मिटले अन् ओरडलो, "ए कडूबाई!" अन् चाळीस तोंडातनं "ओ!" आलं. तेवढं मला कानाच्या यंत्राबिगर ऐकू आलं.

तू गेल्यावर भक्तीनं चुलीचा जिम्मा घेतला. तुझ्या ऑफिसची असून भाकरी बरी थापती. बुद्धभूषणच्या पोरीला तिसऱ्या दिवशी भोपळ्याबिगर पोहता आलं. ती सारखी पाण्यात, तिचा बाप काठावर उभा, अन् मला मनतो, "मामा, माझं बी वय हेच व्हतं." एकदा मामीनं त्याला पहिली भाकरी वाढली अन् मनली, "घ्या, उद्धवचे वडील." तो ताट सोडून उठून बाहेर गेला. मग येऊन तीन भाकरी खाल्ल्या.

आता शेवटच्या संध्याकाळचं सांगतो, ते तुला ठाऊक न्हाई.

दिवस मावळायला मी नाव बांधायला काठावर गेलो. नाव बांधली अन् तिथंच दगडावर बसलो. माय बसायची तो दगड. मनात आलं, चार दिवस समदं नीट झालं. समदी लेकरं येऊन गेली, हसली, कुणी मला एका शब्दानं बोललं न्हाई. उलट जो तो येऊन मनतो, मामा, बरं झालं, आमच्या घरात कडूबाई तर आली. मला वाटलं व्हतं तोंडावर थुंकतील. बसल्या बसल्या रडू आलं ते थांबंना. किती वेळ बसलो कळलं न्हाई.

तिकडं पंगत बसली व्हती. ताटं वाढली. कुणीतरी फळीकडं बघितलं. दोन गिलास सुलटे. एक तुझा, फळीच्या टोकाला, तू पूर्णेला गेलीस हे समद्यांना ठाऊक. दुसरा पितळी. हाका मारल्या असतील, मला कुठं ऐकू येतंय? तर एकानं बी घासाला हात लावला न्हाई. समदे उठले. तू लिहिलं व्हतंस तसंच.

मला काही कळायच्या आत ती बुद्धभूषणची पोरगी मागनं आली अन् माझा कान धरून त्याच्यात ओरडली, "ओ राजनंदिनी! चला की! भाकरी गार व्हायलीय!"

वळून बघितलं तर उतारावर समदेच. लेकरं, त्यांचे बाप, आया, भक्ती, गुडघा धरत तुझी मामी, अन् शेवटी कालवड. चाळीस कडूबाई मला न्यायला आल्या व्हत्या. पोरी, मी साठीचा माणूस, लेकरासारखा हमसून रडलो, अन् लाज वाटली न्हाई. मामीनं पदरानं माझं तोंड पुसलं, समद्यांच्या देखत. मग जाऊन मी माझा गिलास पालथा केला अन् जेवण सुरू झालं.

सकाळी समदे गेले. बुद्धभूषण ट्रॉलीत बसताना मी मनलो, गुरुजी, गिलास विसरलात. तो मनला, विसरलो न्हाई. आत जाऊन बघितलं तर एकानं बी नेला नव्हता. समदी फळी भरलेली. पुढच्या भाऊबीजेला लागतील मनले, तिथंच राहू द्या. मायच्या नावाचे चाळीस गिलास, ओळीनं, पालथे. राजनंदिनी बी त्यांच्यातच ठेवलाय. वर्षश्राद्ध जानेवारीत हाय, तवा ये.

एक तेवढा सुलटा हाय, तुझा. बस चुकंल म्हणून तू घाईत तसाच ठेवून गेलीस. मी पालथा करायला गेलो तर मामी हात लावू देईना. मनली, ती आली की तिच्या हातानं करंल. जेवायला आमी बसतो, भूक तर लागतीच. पण बसायच्या आधी ती रोज एकदा फळीकडं बघती, मग रस्त्याकडं.

उद्धवमामा (राजनंदिनी)